गोळ्या की क्युरेटिंग? पहिल्या नऊ आठवड्यांतील निर्णय

पाळी चुकली, चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या, म्हणजे प्रत्येक घरी पेढेच वाटले जातात असे नाही. धाकटे मूल अजून अंगावर पीत असते. मागच्या बाळंतपणातील रक्तस्रावाची धास्ती मनातून गेलेली नसते. दिवस कापूस वेचणीचे असतात, आणि घरातील एक माणूस आडवे झाले तर आठवड्याचा हिशेबच कोलमडतो. गर्भ ठेवायचा नाही असे ठरविलेल्या स्त्रीपुढे मग लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : गोळ्या घ्याव्यात, की क्युरेटिंग करून घ्यावे? गर्भ ठेवावा की नाही, हे सांगण्याचा अधिकार या लेखाला नाही. तो निर्णय आपला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मात्र आपल्या हाती नेमकी माहिती असावी, एवढ्यासाठी हा लेख.

हा प्रश्न पुण्यात जसा सुटतो तसाच तो यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात सुटेल, असे समजू नये. पुण्यात रात्री दोन वाजता रक्तस्राव वाढला तर रिक्षा मिळते. मारेगावहून आत, एखाद्या कोलाम पोडावर राहणाऱ्या स्त्रीला त्याच वेळी प्रथम वाहन शोधावे लागते, मग तालुक्याचे गाव गाठावे लागते, आणि तेथे भागले नाही तर वणी किंवा थेट यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. पुस्तकात दोन्ही पद्धती ‘सुरक्षित’ या एकाच सदरात लिहिलेल्या असतात आणि ते खरेही आहे. परंतु त्या सुरक्षिततेत रस्ता, वाहन, घरातील सोबत आणि अंगातील रक्त यांचा वाटा किती, हे पुस्तक सांगत नाही.

सर्वांत आधी दिवस मोजावेत. गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकली त्या दिवसापासून नव्हे, किंवा संबंध आला त्या दिवसापासूनही नव्हे. येथेच पुष्कळ जणींची गल्लत होते. समजा, आपली शेवटची पाळी २ ऑक्टोबरला सुरू झाली आणि आपले चक्र २८ दिवसांचे आहे. पुढील पाळी ३० ऑक्टोबरला अपेक्षित होती. १९ नोव्हेंबरला आपण म्हणाल, ‘वीस दिवस वर गेले’. डॉक्टर म्हणतील, ‘४८ दिवस, म्हणजे जवळजवळ सात आठवडे’. दोघांचेही म्हणणे खरे. गोळ्यांसाठी भारतातील कायदेशीर मर्यादा नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची आहे. या उदाहरणात ती ४ डिसेंबरला संपते. पाळी चुकल्याचे लक्षात आल्यापासून हाती जेमतेम पाच आठवडे असतात. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचे खाडे मांडतो, त्याच चौकटीत पाळीच्या तारखेवर एक टिंब करण्याची सवय असेल तर ऐन वेळी अंदाजावर विसंबावे लागत नाही. बाळंतपणानंतर पाळी परत आलेलीच नसेल तर ही मोजणी लागू पडत नाही. मग तपासणी किंवा सोनोग्राफी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

या पाच आठवड्यांतील दोन-तीन आठवडे अनेक ठिकाणी घरगुती उपायांत जातात. कच्ची पपई, तीळगूळ, काढे, आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या ‘पाळी आणण्याच्या’ गोळ्या. त्या बहुधा संप्रेरकांच्या असतात. गर्भ राहिलेला असेल तर त्यांनी तो पडत नाही. नुकसान होते ते वेळेचे.

आता गोळ्यांविषयी. त्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची कामे वेगवेगळी आहेत. पहिली मिफेप्रिस्टोन. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा परिणाम ती रोखते, त्यामुळे गर्भाची गर्भाशयावरील पकड सैल होते. दुसरी मिसोप्रोस्टॉल, पहिलीनंतर २४ ते ४८ तासांनी घ्यावयाची. तिने गर्भाशय आकुंचन पावते आणि आतील भाग बाहेर टाकला जातो. ही दुसरी गोळी मुळात जठरातील व्रणावरचे औषध होती. ब्राझीलमधील स्त्रियांनी १९८०च्या दशकात तिचा हा दुसरा गुण आपापसांत ओळखला, आणि वैद्यकशास्त्राने त्याची रीतसर दखल त्यानंतर घेतली. भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ साली मान्यता मिळाली. प्रारंभी मर्यादा सात आठवड्यांची होती. आज ती नऊ आठवड्यांची आहे.

गोळ्यांनी होणारा गर्भपात ही काही तासांची आणि नंतर काही दिवसांची प्रक्रिया आहे. दुसरे औषध घेतल्यावर साधारणतः काही तासांतच ओटीपोटात कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. हा रक्तस्राव नेहमीच्या पाळीहून स्पष्टपणे अधिक असतो, गाठीही पडतात. मळमळ, जुलाब, थंडी वाजून येणे हेही औषधाचेच परिणाम असू शकतात. मुख्य भाग पडून गेला की जोर ओसरतो आणि पुढे साधारण दोन आठवडे थोडे थोडे जात राहते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी. निमूटपणे सोसण्यात कोणतेही पुण्य नाही. सर्व काही नीट झाले असे वाटले तरी साधारण पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणीला जाणे हा उपचाराचाच भाग आहे. शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक स्त्रियांत गोळ्यांनी काम पूर्ण होते. उरलेल्या थोड्या जणींना शेवटी पिशवी साफ करून घ्यावी लागते, आणि आपण त्या थोड्यांत असू का, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून गोळ्या निवडताना दुसऱ्या पद्धतीलाही मनातून संमती द्यावी लागते. गोळ्या घेऊनही गर्भ टिकला तर तो तसाच पुढे वाढू देणे योग्य ठरत नाही, कारण मिसोप्रोस्टॉलमुळे त्यात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. आणखी एक बारकावा : लघवीची चाचणी गर्भपात पूर्ण झाल्यावरही काही आठवडे दोन रेषा दाखवू शकते. त्यामुळे घरी केलेल्या चाचणीवरून ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

क्युरेटिंग हा शब्द आपल्याकडे सरसकट वापरला जातो. त्यामागे मात्र दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि त्यांतील फरक ठाऊक असणे आपल्या हिताचे आहे. जुन्या रीतीत धारदार कडेच्या धातूच्या उपकरणाने गर्भाशयाचे अस्तर खरवडीत. नव्या रीतीत एक बारीक नळी आत घालून हवेच्या पोकळीच्या दाबाने आतील भाग ओढून घेतात. त्यासाठी हाताने चालणारी मोठी पिचकारी किंवा विजेचे यंत्र वापरतात. याला व्हॅक्यूम पद्धत म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने खरवडण्याची पद्धत सोडून व्हॅक्यूम वापरण्याची शिफारस केलेली आहे, आणि आपल्या शासनाच्या मार्गदर्शिकेचेही तेच म्हणणे आहे. तरीही जुनी सवय काही ठिकाणी टिकून आहे. तेव्हा ‘डॉक्टर, व्हॅक्यूमने करणार ना?’ हा प्रश्न विचारण्यास मुळीच संकोचू नये.

‘शस्त्रक्रिया’ या शब्दाने जी धास्ती बसते ती येथे बरीचशी अनाठायी आहे. पोटावर चीर नाही, टाका नाही. गर्भाशयमुखापाशी भूल देऊन प्रत्यक्ष क्रिया पाच ते पंधरा मिनिटांत आटोपते, आणि काही तासांच्या देखरेखीनंतर त्याच दिवशी घरी जाता येते. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक देतात. नंतरचा रक्तस्राव गोळ्यांच्या मानाने कमी असतो. यश जवळजवळ शंभर टक्के. काही भाग आत राहणे, जंतुसंसर्ग होणे, क्वचित गर्भाशयाला इजा पोहोचणे हे धोके आहेत, पण प्रशिक्षित हातांत ते विरळच. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत नीट पार पडली तर पुढे मूल होण्यात बाधा येत नाही. ‘एकदा पिशवी धुतली की पुन्हा राहत नाही’ हा समज अस्वच्छ जागी अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातांच्या काळातून आलेला आहे.

तर मग निवड कशी करावी? माझ्या मते, मारेगावसारख्या तालुक्यात पहिला प्रश्न आवडीचा नसून रक्ताचा असावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन आढळले नाही. विदर्भात त्याच्या जोडीला सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या खाली असेल तर घरी बसून गोळ्यांचा रक्तस्राव सोसणे धोक्याचे ठरते. अशा वेळी रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेसमोर होणारी व्हॅक्यूमची क्रिया बहुधा अधिक बरी, आणि गरज पडल्यास रक्त मिळेल अशाच ठिकाणी. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा आपली तपासणीच झालेली नसेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. हिमोग्लोबिनची तपासणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती न करता कोणी गोळ्यांचे पाकीट हाती ठेवीत असेल, तर तेथून उठावे.

गोळ्या टाळाव्यात अशी आणखी काही कारणे आहेत. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत राहिल्याची शंका असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटून जीवावर बेतू शकते, आणि रक्तस्राव चालू असल्यामुळे गोळ्या लागू पडल्या असाच भ्रम होतो. एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर, खांद्याकडे जाणारी कळ या खुणा दुर्लक्षू नयेत. तांबी बसविलेली असताना दिवस राहिले असतील तर ती आधी काढावी लागते. रक्त पातळ करणारी औषधे, दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइड, रक्त न गोठण्याचा विकार यांपैकी काहीही असेल तर ते लपवू नये. रक्तगट निगेटिव्ह असल्यास, कोणत्याही पद्धतीत, अँटी-डी इंजेक्शनची गरज आहे का हे विचारावे.

दुसरा प्रश्न रात्रीचा. गोळी घेतल्यावर त्या रात्री घरात कोण असेल? वाहन कोणाचे, ते सुरू होईल का, मोबाइलला रेंज आहे का? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे, पण ती येईपर्यंतचा वेळही हिशेबात धरावा. शौचालय घरात आहे की अंगणापलीकडे, हाही वैद्यकीय प्रश्नच आहे. लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, कापडाच्या घड्या वापरीत असाल तर त्या प्रमाणात भराभर बदलाव्या लागत असतील, घेरी येत असेल, दुसऱ्या गोळीनंतर एक दिवस उलटूनही ताप उतरत नसेल, स्रावाला दुर्गंधी असेल, तर सकाळची वाट पाहू नये. याउलट दुसऱ्या गोळीनंतर २४ तासांत रक्तस्रावच झाला नाही, तर तेही डॉक्टरांना कळवावे.

तिसरा प्रश्न मनाचा आणि सोयीचा, आणि तो गौण मानू नये. काही स्त्रियांना खालून तपासणी, टेबलावर झोपणे, उपकरणांचा आवाज नकोसा वाटतो. आपल्या घरी, आपल्या वेळेला हे व्हावे अशी त्यांची इच्छा असते. काहींना घरीच ते नको असते. सासू, दीर, पोरे एका खोलीत झोपत असताना रात्रभर कळा दाबून धरणे त्यांना अशक्य असते. त्यांना एका दिवसात सुटका हवी असते, आणि वणीला ‘दवाखान्यात तपासायला’ गेल्याचे सांगणे सोपे पडते. मजुरीवर जाणारीचा हिशेब आणखी वेगळा : गोळ्यांत दोनदा-तीनदा दवाखाना आणि दोन आठवड्यांचे जाणे, क्युरेटिंगमध्ये एक दिवस आणि थोडी विश्रांती. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया याच निमित्ताने करून घ्यायची असेल तर ती व्हॅक्यूमसोबत होऊ शकते. गोळ्या घेतल्यास पुढील पाळी येईपर्यंत थांबावे लागते. मात्र ‘ऑपरेशन करून घ्याल किंवा तांबी बसवाल तरच गर्भपात करू’ अशी अट घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

वयाच्या नवव्या आठवड्यापलीकडे ही निवड आपोआप संपते. बाराव्या आठवड्यापर्यंत व्हॅक्यूमचा मार्ग मोकळा असतो. त्यापुढे प्रक्रिया अधिक अवघड होते आणि मोठे रुग्णालय लागते.

गोळ्यांविषयी एक गैरसमज महाराष्ट्रात विशेष रुजलेला आहे. मुलींच्या भ्रूणहत्येविरुद्ध आपल्या राज्याने फार आधी पाऊल उचलले. १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य. पुढे २०१२ नंतर कारवाई कडक झाली तेव्हा औषध विक्रेत्यांवरही नजर गेली, आणि नोंदींची कटकट नको म्हणून अनेक दुकानदारांनी ही औषधे ठेवणेच बंद केले. वस्तुतः नऊ आठवड्यांपर्यंत सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे ओळखता येत नाही. या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध जोडणे तर्काला धरून नाही. दुकानात औषध न मिळाल्याने गरज नाहीशी होत नाही, ती फक्त आडवाटेने जाते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यांतील ७३ टक्के रुग्णालयाबाहेर, गोळ्यांनी. त्या अभ्यासाचे सर्वेक्षण ज्या सहा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही चित्र ओळखीचे वाटते. जागतिक आरोग्य संघटना स्वतःच्या २०२२च्या मार्गदर्शिकेत असेही म्हणते की अचूक माहिती, दर्जेदार औषध आणि गरज पडल्यास डॉक्टरांची मदत असेल तर पहिल्या बारा आठवड्यांत स्त्री घरी हे औषध स्वतः घेऊ शकते. भारतीय कायदा मात्र डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक मानतो, आणि ज्या गावात मदतीचे तिसरे कलम पूर्ण होत नाही तेथे डॉक्टर गाठणे हेच शहाणपणाचे.

कायद्याबाबत थोडे. गर्भपाताचा कायदा १९७१चा. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत, प्रशिक्षित डॉक्टरांचे मत पुरते. गर्भनिरोधक साधन निकामी ठरले हे कारण आता अविवाहित स्त्रीलाही लागू आहे, आणि २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेद करता येणार नाही असे स्पष्ट केले. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. पतीची सही कायदा मागत नाही. रुग्णालये ती सर्रास मागतात. तेव्हा शांतपणे, पण ठामपणे, ‘कायद्यात नाही’ एवढे सांगावे. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक असले, तरी मुलीने किंवा पालकाने विनंती केल्यास तिचे नाव त्यात उघड करण्याची गरज नाही, असे त्याच निकालात म्हटले आहे.

आता सर्वांत मोठी अडचण, जिच्यापायी आठवडे निघून जातात. लाज. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली; १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना जननमार्गाचा कोणता ना कोणता विकार आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. मधल्या काळात रस्ते झाले, मोबाइल आले. अंगावरून पांढरे जाते हे डॉक्टरांना सांगताना आवाज अजूनही खाली जातो. दोन्ही पद्धतींत जंतुसंसर्ग आधीच ओळखून त्यावर उपचार होणे महत्त्वाचे असते. म्हणून हे सांगितलेच पाहिजे.

मारेगाव लहान गाव आहे. दवाखान्याच्या बाकावर शेजारीण भेटणारच, आणि परिचारिका नणंदेच्या ओळखीची निघणारच. ही भीती खरी आहे, आणि कायद्याने ती गृहीत धरलेली आहे. आपले संमतिपत्र पाकिटात घालून, मोहोरबंद करून, गोपनीय म्हणून ठेवावे लागते. नोंदवही गुप्त दस्तऐवज असते. इतर कागदांवर नावाऐवजी तिच्यातील अनुक्रमांक लिहितात. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज इतर कोणाला आपले नाव सांगणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एवढे करूनही गावातील दवाखाना नकोसा वाटला तर वणीला किंवा यवतमाळला जावे. त्यासाठी आपल्या केंद्राची चिठ्ठी असलीच पाहिजे असे नाही. निघण्यापूर्वी फोन करून, त्या दिवशी प्रशिक्षित डॉक्टर हजर आहेत का आणि ती जागा गर्भपातासाठी मान्यताप्राप्त आहे का, एवढे विचारून घ्यावे. शासकीय रुग्णालयात या सेवेचे पैसे लागत नाहीत. आशाताईंवर विश्वास असेल तर त्यांना सोबत न्यावे. नसेल तर बहीण, जाऊ, मैत्रीण. पती येत असेल तर उत्तमच. त्याने बाहेर बाकावर बसून न राहता धोक्याच्या खुणा स्वतः ऐकून घ्याव्यात, कारण त्या रात्री गाडी त्यालाच काढायची आहे.

आणि परत निघताना गर्भनिरोधकाची गोष्ट पुढील भेटीवर ढकलू नये. गर्भपातानंतर पुढील पाळी येण्यापूर्वीच, अगदी दोन आठवड्यांच्या आत, पुन्हा दिवस राहू शकतात. व्हॅक्यूमनंतर, जंतुसंसर्ग नसेल तर, तांबी त्याच टेबलावर बसविता येते. गोळ्या घेतल्या असतील तर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर, म्हणजे बहुधा त्या पंधराव्या दिवसाच्या भेटीत.